वीतभर पाण्याची राखण

सिन्नर भागातल्या एका तरुणाने विचारलं आहे: “काका, वनरक्षक म्हणून माझी निवड झाली आहे, कागदपत्रांची पडताळणीही झाली. मला पक्ष्यांची आवड आहे, म्हणून नांदूर मध्यमेश्वरसारख्या पाणथळ जागी बीट, म्हणजे राखणीचं क्षेत्र, मिळावं असं वाटतं. घरचे म्हणतात, जिथे जंगलच नाही तिथे वनरक्षक करणार काय? तिथे दिवस कसा जातो, काम नक्की काय असतं, आणि नुसत्या आवडीवर भागतं का?”

तू काका म्हटलंस, म्हणून अरे-तुरेनेच लिहितो. माझ्या नोकरीला बावीस वर्षं झाली. आधी वनरक्षक होतो, आता वनपाल आहे. यातली तेरा वर्षं पाण्याच्या काठी गेली. तुझ्या घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. जंगल म्हटलं की माणसाच्या डोळ्यापुढे साग, डोंगर आणि वाघ येतो. इथे उभं राहिलं तर समोर पाणी, पाण्यात पानवेली, काठाला मोटारींचे पाइप आणि मागे ऊस नाहीतर द्राक्षबागा. यात राखायचं काय, हे कळायलाच मला पहिले सहा महिने लागले.

आधी जागा समजून घे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ शंभर वर्षांहून जुना दगडी बंधारा आहे. तो पक्ष्यांसाठी बांधलेला नाही. कालव्यांनी कोपरगाव, राहाता भागातल्या शेतीला पाणी मिळावं म्हणून तो बांधला. मग दर पावसाळ्यात दोन्ही नद्यांनी गाळ आणून टाकला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटा, तेवढी साठवण कमी होते. पण त्या गाळाची बेटं झाली, उथळ डबकी झाली, पाणकणीस आणि लव्हाळा माजला, कीडकिटूक, गोगलगायी, मासे वाढले आणि त्यांच्यामागे पक्षी आले. डॉ. सलीम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. 1986 साली अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 100 चौरस किलोमीटरचं. 2019 साली यातल्या 1437 हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. राज्यातलं ते पहिलं रामसर स्थळ. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर आली.

आता मुद्द्याचं. या सगळ्या पसाऱ्याचा जीव पाण्याच्या खोलीत आहे, आणि ती मोजायला वीत पुरते. तुतारी या छोट्या पक्ष्याला चिखलावर नुसता ओलावा हवा. शेकाट्याचे पाय लांब, त्याला चार बोटं पाणी चालतं. थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही बदकं बुडी मारत नाहीत. शेपूट वर, डोकं खाली करून मान पोहोचेल तिथलं खातात, म्हणजे वीत-दीड वीत. त्याहून खोल पाण्यात वारकरी आणि लालसरी हे पक्षी बुड्या मारतात. पाणी एक वीत चढलं की तुतारीचं ताट बुडालं. एक वीत उतरलं की तलवार बदकं दुसरीकडे निघाली. काल हजार पक्षी होते आणि आज दोनशेच आहेत, असं पाहुणे घाबरून विचारतात. बहुतेक वेळा उत्तर बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीवर असतं.

आणि हे पाणी आपल्या ताब्यात नाही. वर गंगापूर आणि दारणा धरणं, खाली कालवे. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडायची पाळी, कधी सुटायचं, किती दिवस चालायचं, हे जलसंपदा विभाग ठरवतो, आणि ते शेतीच्या, पिण्याच्या पाण्याच्या हिशेबाने ठरतं. काठची बरीच जमीन शेतकऱ्यांच्या नावावर आहे. जी पाण्याखालून उघडी पडते, तिच्यावर गाळपेर करायचा मोह कोणालाही होईल, कारण गोदावरीच्या गाळासारखी माती विकत मिळत नाही. म्हणजे तुझ्याकडे बीट आहे, पण त्यातलं पाणी एकाचं, जमीन दुसऱ्याची आणि पक्षी सहा महिन्यांसाठी सायबेरिया-मध्य आशियातून आलेले. अशा जागी राखण करायची, तर ज्यांच्या हातात पाणी आणि काठ आहे त्यांच्याशी ओळख ठेवणं हेच निम्मं काम. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे, बाकीचा तपशील त्याच्यासाठी.

एक प्रसंग सांगतो. मे महिना होता. मधल्या एका गाळाच्या बेटावर शेकाट्यांची अकरा घरटी होती. शेकाट्याचं घरटं म्हणजे ओल्या चिखलावर काड्यांची आणि ढेकळांची चपटी चकती, त्यात तपकिरी डागांची चार अंडी, टोकं आतल्या बाजूला वळलेली. दुपारी लक्षात आलं की पाणी सरकतंय. वरून आवर्तन आलं होतं, ठरल्याप्रमाणेच, चूक कोणाचीच नव्हती. मला ते ठाऊक नव्हतं इतकंच. संध्याकाळी दुर्बिणीतून पाहिलं तर शेकाटे काड्या उचलून आणत होते. नर एक काडी आणायचा, मादी अंगाखाली ओढायची. पुन्हा एक, पुन्हा एक. बोटभर पाणी चढलं की बोटभर घरटं उंच. अंधार पडेपर्यंत ते चाललं होतं आणि मला काठावर उभं राहण्यापलीकडे काही करता आलं नाही. सकाळी तीन घरटी उरली होती.

दुसऱ्या दिवशी मी पाटकऱ्याच्या घरी गेलो. कालव्यावर पाणी वाटणारा हा माणूस. चहा झाला, आवर्तनाच्या तारखा वहीत लिहून घेतल्या. तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक उन्हाळ्यात त्या तारखा आमच्याकडे आधी येतात. पाणी थांबवता येत नाही, तसं मागूही नये, खाली कोणाचा तरी ऊस वाळत असतो. पण चार दिवस आधी कळलं, तर घरटी कुठे आहेत याचा नकाशा घेऊन आपले साहेब त्यांच्या साहेबांशी बोलू शकतात आणि पाणी टप्प्याटप्प्याने चढवता येतं का ते बघतात. कधी जमतं, कधी जमत नाही. जमतं तेव्हा शेकाट्याला काड्या आणायला दोन दिवस जास्त मिळतात.

दिवस कसा जातो म्हणतोस, तर हिवाळ्यातला सांगतो, कारण कामाचा खरा ताण ऑक्टोबर ते मार्च. पहाटे साडेचारला उठायचं. निफाडची थंडी तू ऐकली असशील. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या पाऱ्याची बातमी दर हिवाळ्यात येते, कित्येकदा तो राज्यातला नीचांक असतो. त्याच थंडीत द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. धुक्यात दूरवर ते लाल ठिपके दिसतात. मी गस्तीला निघालो की पहिली फेरी या शेकोट्यांची. हात शेकायचे, द्राक्षाचा भाव विचारायचा, आजारी आईची चौकशी करायची. रात्री कोणती मोटारसायकल बांधाने गेली, कोणाचा कुत्रा का भुंकला, पाण्यात बॅटरी कुठे चमकली, हे सगळं तिथे कळतं. रात्रभर जागा असलेला शेतकरी हा तुझ्यापेक्षा चांगला पहारेकरी आहे. त्याच्याकडे बीटाचा वनरक्षक म्हणून रुबाबात गेलास तर तो फक्त “काही नाही दिसलं साहेब” म्हणेल.

उजाडायच्या आत जाळी शोधायची. अभयारण्यात मासेमारीला बंदी आहे, तरी रात्री नायलॉनची जाळी लागतात. जाळं दिसत नाही, त्याचे तरंगते खुणेचे तुकडे दिसतात. थर्माकोल, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, चपलेचे कापलेले तळ. पाण्यात काहीही तरंगत असतं, पण वाऱ्याने वाहून आलेलं कधी एका रांगेत, सारख्या अंतरावर नसतं. तशी रांग दिसली की होडी तिकडे घ्यायची.

जाळं माशासाठी लावतात, त्यात पक्षीही अडकतात, सगळ्यांत जास्त वारकरी. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. हा पक्षी बुडी मारून खातो आणि बुडीतच जाळ्यात जातो. त्याच्या पायाच्या बोटांना दोन्ही बाजूंनी पानासारख्या पाळ्या असतात, दोरा नेमका तिथे गुंडाळतो. जिवंत सापडला तर घाईने ओढायचा नाही. आधी पंख अंगाशी धरायचे, डोक्यावर गमछा टाकायचा. अंधार झाला की तो शांत होतो. मग पायाकडून सुरुवात करायची. नखं कापायची छोटी कात्री कायम खिशात ठेव, चाकू वापरू नकोस. दोरा कापताना पाळी उचलून खाली बघायचं, कारण एक वेढा मांसात रुतलेला असतो आणि तो राहिला तर आठवड्यात पाय सडतो. शेवटी पंखाखाली बोट फिरवायचं, तिथेही एखादा वेढा असतो. चोच उघडून पाणी पाजायला जाऊ नकोस, ते श्वासनळीत जातं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तासभर ठेवायचा, अंग वाळलं आणि खोक्यात धडपड सुरू झाली की पाण्याच्या कडेला सोडायचा. तो पळत पळत, पाण्यावर पाय आपटत जातो, तेव्हा दोन्ही पाय सारखे पडतात का ते बघायचं.

जाळं जप्त केलंस की कागद सुरू होतो. नवीन मुलं इथे कंटाळा करतात आणि मग प्रकरण कोर्टात टिकत नाही. पंचनामा जागेवरच लिहायचा, दोन पंचांसमोर, घरी येऊन आठवून नाही. जीपीएसची नोंद, वेळ, काठापासून अंतर, जाळ्याची लांबी, जाळ्याच्या भोकांचं माप, त्यात काय सापडलं, जिवंत किती, मेलेलं किती. “बरीच जाळी” असं लिहू नये, “सात” लिहावं. मग प्राथमिक गुन्हा अहवाल, ज्याला आपल्याकडे सगळे पीओआर म्हणतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 ची कलमं पाठ कर: 9 शिकारीचं, 27 प्रवेशाचं, 29 अधिवासाच्या नुकसानीचं, 50 झडती-जप्ती-अटकेचं, 51 शिक्षेचं. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, तीही वाच, कारण अनुसूची बदलल्या आणि दंड वाढले. अभयारण्याच्या हद्दीत शिकार केली तर किमान तीन वर्षांची कैद आहे, सातपर्यंत जाते.

एवढी मोठी शिक्षा हातात असताना ती कोणावर उगारायची, याचा विचार तुला करावा लागेल. काठच्या कोळी-भिल्ल वस्त्यांमधला माणूस दोन किलो मासे धरायला येतो तो चुलीसाठी. त्याचं जाळं जप्त करायचंच, कायदा त्याच्यासाठी वेगळा नाही. पण त्याला अपमानाने वागवायचं नाही, आणि त्याच्या मुलाला पाहुण्यांसोबत गाइड म्हणून उभं करता येईल का हे त्याच आठवड्यात बघायचं. काठच्या चापडगावला आज जी मुलं स्कोप लावून पाहुण्यांना पक्षी दाखवतात, त्यांतल्या काहींना पाण्याचा नि पक्ष्यांचा कोपरा न् कोपरा ठाऊक आहे तो लहानपणी घरच्यांबरोबर जाळी टाकल्यामुळेच. दुसरा प्रकार वेगळा. दाण्याला थिमेट हे विषारी कीटकनाशक चोळून बदकं मारणारे आणि ढाब्यांना विकणारे. तिथे पोट नाही, धंदा आहे. त्यांच्यापर्यंत पोहोचायचं तर पहिल्या माणसाचा विश्वास लागतो. माझ्या नोकरीतल्या अशा दोन मोठ्या प्रकरणांची खबर ज्यांची जाळी मी आधी जप्त केली होती, त्यांनीच दिली.

आता पक्ष्यांकडे येतो, तू त्यासाठीच विचारलंस. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. 1987 पासून चालू आहे, आणि साऱ्या देशांत त्याच सुमारास करतात, म्हणजे इकडून तिकडे गेलेला पक्षी दोनदा मोजला जाऊ नये. शिवाय आपली महिन्याची मोजणी वेगळी. दोन-तीन हजार बदकांचा थवा पाण्यावर बसलेला असताना एक-दोन-तीन करत कोणी मोजू शकत नाही. पद्धत अशी की आधी दहा पक्षी नीट मोजायचे आणि दुर्बिणीच्या गोलात ते किती जागा घेतात हे डोळ्यात बसवायचं. मग दहाच्या मापाने शंभर, शंभराच्या मापाने पूर्ण थवा, डावीकडून उजवीकडे. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडा आधी कागदावर लिहायचा, मग बोलायचं. नाहीतर धाकटा थोरल्याचा आकडा ऐकून आपला बदलतो. मधेच दलदल ससाणा पाण्यावरून खालून गेला की सगळा थवा उठतो, मोजणी मोडते, पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा चिडायचं नाही, त्यातही शिकण्यासारखं असतं. उठताना पंखांवर काय दिसतं ते बघ. थापट्याचा खांद्याजवळचा निळा, चक्रवाकाचा पांढरा, बसलेले असताना न ओळखलेले पक्षी उडताना ओळखू येतात.

नावं दोन्ही शीक, पुस्तकातली आणि काठावरची. हळदीकुंकू बदक हे नाव ज्या कोणी ठेवलं त्याची नजर बघ. चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू. ते नाव एकदा सांगितलं की शाळेतली पोरं जन्मात विसरत नाहीत.

पाहुण्यांचं काम थकवणारं आहे, विशेषतः रविवारी. मोठ्या लेन्सवाले काही जण करकऱ्यांच्या थव्यामागे हरभऱ्याच्या शेतात गाडी घालतात, ड्रोन काढतात. भांडण करू नकोस, पण मागेही हटू नकोस, ड्रोनला आणि रस्ता सोडायला परवानगी नाही म्हणजे नाही. मी एक खूण सगळ्यांना शिकवतो. चरणारे पक्षी खाणं थांबवून माना वर करून एकाच दिशेला बघू लागले, की तुम्ही जास्त जवळ आलात. तिथेच थांबा, दोन पावलं मागे या. हजारो किलोमीटर उडून आलेला, मार्चमध्ये तितकंच परत जायचं असलेला पक्षी इथे अंगावर चरबी चढवायला आलेला असतो. दिवसातून दहा वेळा त्याला उठवलं तर चढवलेलं उतरतं. हे एवढं सांगितलं की बहुतेक लोक ऐकतात.

संक्रांतीच्या आठवड्यात वेगळं काम लागतं. शेजारी येवला आहे, तिथला पतंगोत्सव तीन दिवसांचा, आणि आसारीवरचा, म्हणजे पतंगाच्या चरकीवरचा, साधा दोरा बरा, पण नायलॉन मांजा आला की पक्ष्यांचे पंख कापले जातात. बगळे, शराटी, घारी झाडांना लटकलेल्या सापडतात. सण संपल्यावर महिनाभर बाभळींवरचा मांजा बांबूने काढत फिरावं लागतं. हे कोणी सांगत नाही, आपणच करायचं.

उसाची तोड त्याच दिवसांत, म्हणून बिबट्या. निफाडमध्ये बिबट्या उसातच वाढतो. कागदोपत्री हे काम वनखात्याच्या प्रादेशिक विभागाचं, आपल्या वन्यजीव विभागाचं नाही, पण फोन ज्याचा नंबर गावात आहे त्यालाच येतो. कोयता चालू असताना सरीत बछडे सापडले की गर्दी जमते, कोणी कडेवर घेतं, फोटो काढतं. आपण पहिल्यांदा गर्दी हटवायची आणि तोड थांबवायची. बछड्यांना हातमोजे घालून टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवायचं, डॉक्टरांनी तपासलं की संध्याकाळी सापडले त्याच जागी क्रेट ठेवायचं, कॅमेरा लावायचा आणि सगळ्यांनी लांब जायचं. आई येते, एकेकाला मानगुटीला धरून नेते. जागा बदलली किंवा माणसं जवळ थांबली तर ती येत नाही आणि चवताळलेली मादी वस्तीजवळ फिरत राहते. शेतकऱ्याला हे पटवणं कठीण असतं, त्याची लेकरंही त्याच बांधावरून शाळेत जातात. त्याची भीती खोटी नाही. म्हणून त्या रात्री मी वस्तीवर थांबतो, पहाटे क्रेट रिकामं दाखवतो आणि मगच घरी जातो.

मेलेले पक्षी एकदम चार-पाच दिसले तर हात लावू नकोस. 2019 मध्ये राजस्थानात सांभर सरोवरावर बोट्युलिझमने, म्हणजे जिवाणूच्या विषाने, हजारो पक्षी मेले. मान लुळी पडलेला, डोकं पाण्यावर धरता न येणारा पक्षी दिसला की आधी तीच शंका घ्यायची. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्यांचा बर्ड फ्लू निघाला, तेव्हा आम्ही रोज दोन वेळा काठ पिंजून काढत होतो. जागा राखून ठेवायची, वरिष्ठांना आणि पशुसंवर्धनच्या डॉक्टरांना कळवायचं, नमुने तेच घेतात आणि भोपाळच्या प्रयोगशाळेला पाठवतात. कुत्री आणि गावातल्या कोंबड्या तिकडे जाणार नाहीत एवढं आपण बघायचं. खात्री होण्याआधी गावात काही बोलायचं नाही.

पावसाळ्यात पक्षी कमी, काम वेगळं. वर नाशकात पाऊस झाला, धरणातून विसर्ग सुरू झाला की सायखेडा-चांदोरीचा जीव टांगणीला लागतो. ऑगस्ट 2019 चा पूर मी पाहिला. पानवेलीचे एकरभर तवे वाहत येतात, पुलाला अडकतात, पाणी मागे तुंबतं. चांदोरीची नदीपात्रातली जुनी मंदिरं दिसेनाशी होतात. तेव्हा कोणी वनरक्षक नसतो आणि कोणी तलाठी नसतो, सगळे मिळून माणसं आणि जनावरं हलवतात. पूर ओसरल्यावर पानवेलींवर बसून आलेले साप घराघरांत निघतात, ते आठवडाभर काम. त्याच पानवेली पुढे साचून पाणी झाकतात, खालचा प्राणवायू कमी होतो. त्या काढायलाच हव्यात, पण सरसकट नाही. कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या तरंगत्या वनस्पतींवर घरटी करतात, म्हणून कोणता पट्टा कधी काढायचा हे घरटी बघून ठरवावं लागतं. यंत्र येण्याआधी तू काठ फिरलेला असलास तर तुझ्या शब्दाला वजन राहतं.

नुसत्या आवडीवर भागतं का, याचं उत्तर असं. पक्ष्यांची आवड तुला पहाटे उठवेल, हे खरं. ती नसलेली माणसं इथे दोन वर्षांत बदली मागतात. पण आवडीपेक्षा जास्त उपयोगी पडते ती रोज तेच बघायची तयारी. त्याच निरीक्षण मनोऱ्यावरून तेच पाणी, आज काल‌च्यापेक्षा कुठे वेगळं आहे हे दिसायला लागलं की तू कामाचा झालास. दुसरं, लोकांत मिसळायला आवडत असेल तरच पाणथळ बीट माग. एकांत हवा असेल तर सातपुड्यात जा, तिथेही चांगल्या वनरक्षकांची गरज आहे.

पगाराचं तुला माहीतच असेल, मूळ वेतन 21,700 पासून. त्यात भागतं, शिल्लक फार पडत नाही. सुटीचा दिवस ठरलेला नसतो. दिवाळीत थवे येत असतात, संक्रांतीत मांजा, होळीला पाणकणसाला लागणारी आग. माझ्या मुलीच्या शाळेचं एकही स्नेहसंमेलन मी पूर्ण पाहिलेलं नाही, ते मला लागतं. लग्न करशील तेव्हा हे आधी सांग.

चालण्याच्या चाचणीला तू चार तासांत 25 किलोमीटर चालला असशील. इथे तेवढं अंतर पडत नाही, पण चिखलात एक किलोमीटर म्हणजे रस्त्यावरचे चार. त्यासाठी शेवटची सूचना, जी मला कोणी दिली नव्हती. गमबूट आपल्या मापापेक्षा मोठे घेऊ नकोस, गाळात पाय बाहेर येतो आणि बूट आत राहतो. गाळात रुतलास तर उभ्याने जोर लावू नकोस, काठी आडवी टाक, तिच्यावर छाती टेकव आणि एकेक पाय तिरका ओढ. दुपारी घरी आलास की पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्याने पुसायच्या आणि खोबरेल लावायचं, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात चिखल्या होतील आणि महिनाभर लंगडशील. आणि रुजू होशील त्या सकाळी बंधाऱ्यावर जाऊन मोजपट्टी बघ, वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून आकडा लिही. दुसऱ्या दिवशीही लिही.